बोर्डाची मागची बाजू

थर्मासच्या झाकणावर तांबड्या रंगाचा एक थेंब होता, मुगाच्या दाण्याएवढा, इनॅमलचा, वाळून दगड झालेला... आणि मोटार सिग्नलला थांबली की तिच्या डाव्या अंगठ्याचं नख, तेही आज तांबडंच रंगवलेलं, आपोआप त्या थेंबावर जायचं, दोनदा-तीनदा फिरायचं, आणि हिरवा दिवा लागला की हात परत गिअरवर. खरवडतेय की नुसता चाळा करतेय, हे त्याला शेजारच्या सीटवरून कळेना. थेंब त्याच्याच हातचा. कुठल्या बोर्डाचा ते मात्र आठवत नव्हतं. चाळीस वर्षांत तांबडं काय थोडं रंगवलं? 'धोका', 'थांबा', 'आत येऊ नये'... जगाला जे जे नको म्हणायचं ते तांबड्यात, आणि या म्हणायचं ते निळ्यात नाहीतर हिरव्यात. तेव्हा हा थर्मास शिडीच्या पायाशी उभा असायचा. मग हात कापायला लागला, शिडी सुटली, आणि थर्मास त्यानं सुनेला देऊन टाकला, कारण तिच्या लॅबमधला चहा म्हणजे, तिच्याच शब्दांत, कवळी धुतलेलं पाणी. सात वर्षं तो तिच्याकडे होता. आज तो दोन सीटच्या मध्ये होता आणि म्हाताऱ्याच्या मनात सकाळपासून एकच — हा परत करायला आणलाय. संध्याकाळी दारात उतरवताना हातात देईल, हा तुमचा, म्हणेल, आणि झालं, मिटलं.

सून तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं आता? एकोणीस दिवसांपूर्वी घटस्फोटाचे कागद झाले. मुलानं फोनवर सांगितलं, बँकेत सही करून आल्यासारखं सांगितलं, भांडण नाही, तंटा नाही, "जमलं नाही बाबा आमचं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," आणि मग जरा थांबून, "आणि तिला फोनबिन करत जाऊ नका हं. तिला उगीच अवघडल्यासारखं होईल." म्हातारा म्हणाला, बरं. दर बुधवारी संध्याकाळी तो तिला फोन करायचा, काही कारण नसताना, तो बंद केला. दोन बुधवार गेले. तिसऱ्या आठवड्यात तिचाच आला. "रविवारी मोकळे आहात का? त्या बागेत जाऊन येऊ. धबधब्यापर्यंत. तुमचे बोर्ड बघायचे राहिलेत." एवढंच. आणि फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ती बाबा म्हणाली नाही.

तेव्हापासून तो वाट बघत होता. कुणाला सांगायची सोय नाही, सदुसष्टाव्या वर्षी माणूस असल्या गोष्टीची वाट बघतो म्हणजे डोकं फिरलंय म्हणतील — पण बघत होता. सकाळी दारात ती म्हणाली, "झालं का?" जिन्यात म्हणाली, "जपून." मोटारीत म्हणाली, "काच खाली करायची का?" करायची का, निघायचं का, थांबायचं का... सगळं कसं बिनमालकाचं, हवेत सोडून दिलेलं. त्याची बायको अडतीस वर्षं अशीच बोलायची, ऐकलं का, जेवायचं ना, पण ते लाजेनं सुरू झालेलं आणि सवयीनं राहिलेलं. हिचं तसं नव्हतं. ही सात वर्षं दर वाक्याला बाबा लावायची, मीठ जास्त झालं तरी बाबा, पाऊस आला तरी बाबा, इतकं की बायको म्हणायची, अगं, झिजतील ते. आज दिवसभरात एकदा तरी म्हणेल, किंवा म्हणणार नाही. आणि नाही म्हणाली तर मग हा निरोपच आहे, नीट, सभ्यपणे, डबा-पाणी घेऊन केलेला निरोप. तिच्या स्वभावातच होतं ते. काम अर्धवट सोडायची नाही.

बागेच्या फाटकाशी तिकिटाची खिडकी होती. वर छापील फ्लेक्स. त्यानं पाहिलं आणि तोंड वाकडं केलं, अक्षरं नुसती एकमेकांच्या अंगावर रेललेली, कुणाला श्वास घ्यायला जागा नाही. 'ज्येष्ठ नागरिक व सोबत घरचे एक माणूस : अर्धे तिकीट.' तिनं वाकून दोन बोटं दाखवली.

"हे ज्येष्ठ आहेत," ती म्हणाली.

"ते दिसतंय," आतली बाई म्हणाली. "हे कोण तुमचे?"

तो तिच्या मागे उभा होता, एका पावलावर. तिच्या मानेवर घामाचा एक बारीक पट्टा होता, त्याकडे तो बघत राहिला. वडील म्हण. सासरे म्हण, खोटं तर खोटं, खिडकीतली काय वंशावळ तपासणार आहे? काहीही म्हण... तिचे खांदे जरा वर आले, मग खाली गेले.

"दोन पूर्ण द्या," ती म्हणाली.

आता सुनेनं पदरमोड करून नातं चुकवलं, यात तिची काय चूक? काय सांगणार होती ती? पण लागलं ते लागलंच. तो आत गेला, आणि पहिल्याच वाफ्याशी त्याचा पहिला बोर्ड उभा होता, 'फुले तोडू नयेत', पांढरं, हिरव्यावर, कडा थोड्या उडालेल्या पण अक्षर अजून ताठ... आणि त्याला पाहून तो नेहमीसारखा फुशारला नाही.

"हा तुमचा ना?" तिनं विचारलं. "फुले-तला फ बघून ओळखला."

"हं."

"पोट मोठं आहे त्याचं."

"'फ'ला पोट लागतंच. नाहीतर उपाशी दिसतो." हे बोलून गेल्यावर त्याला थोडं बरं वाटलं. अक्षरांवर तिच्याशी बोलता यायचं, मुलाशी कधी आलं नाही. मुलाला अक्षर म्हणजे वाचायची गोष्ट. ही बघायची. हीही तसलीच कारागीर, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते, एकेक दात मेणात बसवून लांबून बघते, जवळून बघते, मान तिरकी करते. त्याच्या तोंडातली कवळी तिनंच केलेली. मापं डॉक्टरनं घेतली, पण दात हिनं लावले, आणि लावायच्या आधी घरी येऊन कपाटातला जुना अल्बम मागून घेतला, त्याचा तिशीतला हसरा फोटो भिंगाखाली धरला, आणि वरचा पुढचा एक दात मुद्दाम, होता तसा, जरासा वाकडा बसवला. बायको म्हणाली होती, "नवा करायचा तर सरळ तरी करायचा!" आणि ही म्हणाली, "सरळ केला असता तर ते बाबा वाटले नसते, आई."

बायको जाऊन चार वर्षं झाली. शेवटच्या महिन्यात तिचे केस हीच धुवायची, दर शनिवारी, पलंगाच्या कडेला डोकं घेऊन, तांब्यातांब्यानं... त्याला ते बघवायचं नाही म्हणून तो बाहेर पायऱ्यांवर बसायचा आणि आतून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. कशाला हसायच्या, ते त्याला कधी सांगितलं नाही. आता विचारता येईल का? आता काय काय विचारता येतं?

हिरवळ संपली तिथं आडवी पायवाट होती आणि मधोमध, दोन खांबांवर, त्याचा मोठा बोर्ड. 'धबधबा', आणि खाली डावीकडे जाणारा बाण. इथं मात्र त्याची छाती फुगली. एका शब्दात दोन ध. ध मोठा फसवा, वरची रेघ त्याच्या डोक्यावरून ओढून नेली की त्याचा घ होतो. त्याच्या ओळखीच्या एका पेंटरनं एका हॉटेलावर 'घबघबा' लिहिला होता आणि सहा महिने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हे त्यानं तिला सांगितलं. ती हसली. "घबघबा," ती म्हणाली, "म्हणजे जेवण जोरात असणार तिथं." मग दोघंही डावीकडे वळले. वळताना त्यानं बोर्डाच्या मागच्या अंगाला ओझरतं पाहिलं — कुणी कार्ट्यांनी खिळ्यानं, कोळशानं पार खरवडून ठेवलं होतं. लोकांना चांगलं बघवत नाही, तो मनात म्हणाला. देवानं हात दिले ते खाजवायला.

धबधबा फार मोठा नव्हता. दोन पुरुष उंचीचा असेल, पण पाणी रुंद, आणि समोर बाक. ती वाकून तळहातात पाणी घेत होती. त्यांनी उकडलेली अंडी खाल्ली, पाव खाल्ला, थर्मासमधला चहा झाकणात ओतून आळीपाळीनं प्याले. तुषार येऊन चष्म्यावर बसत होते. आवाजामुळे बोलायची गरज नव्हती, आणि त्याला त्या आवाजाचे आभार मानावेसे वाटले, कारण इथं ती काही म्हणाली नाही तरी ते मोजायला नको होतं. किती वेळ बसले असतील तिथं? तिनं अंड्याची टरफलं एका कागदात गोळा केली, कागदाची पुडी केली, पुडी पर्समध्ये टाकली. हे असं सगळं नीट आवरणारी मुलगी माझ्या घरात होती आणि माझ्या लेकाचं तिच्याशी जमलं नाही. कुणाचं चुकलं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ... आणि इथं तर दातही तिनंच केलेले.

बाकापासून पायऱ्या टेकडीवर जात होत्या. वर चढून त्यांनी खालचं सगळं पाहिलं, छपरं, रस्ते, एक लांबलचक कारखाना, आणि तिनं बोट दाखवून सांगितलं, तिकडं, त्या दोन टाक्यांच्या मागं माझी नवी लॅब, पुढच्या महिन्यापासून. तास लागेल जायला. तो म्हणाला, अरे वा. मनात म्हणाला, तासभर लांब. मग एकदम ती उभी राहिली, पर्स उघडली, पुन्हा उघडली, आणि तिचा चेहरा असा झाला की त्याला वाटलं, काय चावलं हिला.

"थर्मास! बाकावर राहिला. माझा थर्मास!"

माझा.

त्यानं ते ऐकलं आणि ऐकल्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. माणूस घाईत काहीही म्हणतो. पण ती अक्षरशः धावायला निघाली होती, पायऱ्यांकडे, आणि पायऱ्या ओल्या, उतरायला बंदी, तशी पाटी होती आणि पाटी त्याचीच. "तिथनं नाही," तो ओरडला, "पलीकडनं उतरायचं! पलीकडच्या वाटेनं खाली गेलं की तोच बोर्ड येतो, तिथनं धबधबा दहा मिनिटं." गुडघे कुरकुरत होते, तरी तो भराभरा उतरला. परत करायच्या वस्तूसाठी कुणी इतकं घाबरतं का? घाबरत असेलही. दुसऱ्याची वस्तू हरवली की जास्तच घाबरतं. ही एक शंका तेवढी माशीसारखी चहात पडली.

खाली आले तो समोर बोर्ड, आता मागच्या बाजूनं. खरवडलेला, डागाळलेला, पण 'धबधबा' स्वच्छ वाचता येत होतं आणि बाण होता. डावीकडे.

ती थबकली. "सकाळी आपण इकडनं नव्हतो गेलो बहुतेक..."

"सकाळी आपण समोरून आलो होतो. आता वरनं आलोय. झाडं सगळी सारखीच दिसतात."

"पण पाण्याचा आवाज—"

"माझा बोर्ड आहे तो," तो म्हणाला. "माझा बोर्ड खोटं बोलेल का?"

ती डावीकडे वळली. वाट छान होती, सावली होती, दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, पाण्याचा आवाज काही येईना, आणि वीस मिनिटांनी झाडी संपली आणि पुढं एक जुनी सिमेंटची टाकी उभी होती, कोरडी, तिच्या कडेवर शेवाळ वाळून काळं झालेलं, आणि पुढं तारेचं कुंपण. वाट तिथंच मेली होती. टाकीच्या भिंतीवर किती तरी लोकांनी येऊन गेल्याच्या खुणा केल्या होत्या. कुणी लिहिलं होतं, 'आम्हीही.'

तो टाकीच्या कट्ट्यावर बसला. हाताचा पंजा समोर धरला, मग उलटा केला, मग परत सुलटा. अंगठा डावीकडे. उलटा केला, अंगठा उजवीकडे. पुन्हा. आणि त्याला ती शेड दिसली, अठ्ठावीस वर्षांपूर्वीची, दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवलेला बोर्ड, एक बाजू वाळली की उलटवून दुसरी... पुढची समोर ठेवून, सुतानं मापून, केसाचा फरक नको म्हणून डोळ्यांत तेल घालून उतरवलेली. बागेचे साहेब बघायला आले होते. दोन्ही बाजू बघून म्हणाले होते, वा पेंटर, तंतोतंत सारख्या! तो त्या शब्दावर आठवडाभर जगला होता. घरी बायकोला चारदा सांगितलं होतं, तंतोतंत.

"काय झालं?" ती जवळ येऊन बसली. "गुडघा?"

"बाण," तो म्हणाला. "पुढून बघणाऱ्याला धबधबा डावीकडे. मागून बघणाऱ्याला उजवीकडे. आणि मी दोन्हीकडे डावाच काढला. अठ्ठावीस वर्षं... अगं, अठ्ठावीस वर्षं टेकडीवरनं उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला मी ही टाकी दाखवतोय!"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं भिंतीवरचं 'आम्हीही' वाचलं. मग ती हसायला लागली, आधी नाकातून, मग सगळी, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि तो रागावणार होता, खरंच रागावणार होता, पण त्याला ते हसू ओळखीचं वाटलं. पायऱ्यांवर बसून ऐकलेलं, पलंगाच्या कडेचं. आणि तो पण हसला, कवळी सांभाळत. हसता हसताच तोंडातून निघून गेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"सकाळपासून एकदाही बाबा म्हणाली नाहीस तू."

हसू थांबलं. कुठंतरी एक पक्षी एकच सूर धरून बसला होता. तिनं डोळे पुसले, दोन्ही तळहातांनी, लहान मूल पुसतं तसे.

"आणि तुम्ही?" ती म्हणाली.

"मी काय?"

"तुम्ही मला काय म्हणालात सकाळपासून? सूनबाई, सूनबाई करत जिन्यातून आवाज द्यायचात, सगळ्या मजल्यांना ऐकू जायचं. आज? झालंच, चला, बसायचं का... दोन बुधवार फोन नाही. मी केला तर काय म्हणालात, आठवतं? 'हं, बोला.' बोला! मी काय बँकेतून बोलत होते?" तिचा आवाज चिरकला. "मला वाटलं, तुम्ही रागावलात. तुमच्या मुलाला सोडलं म्हणून. मी म्हटलं, हे काही म्हणाले तर मी म्हणीन. खिडकीवर ती बाई विचारत होती ना, तेव्हा पण मी थांबले होते. वाटलं, मागनं तुम्ही बोलाल."

बोला. खरंच, असं म्हणालो होतो? म्हणालो होतो. मुलानं सांगितलं होतं, अवघडायला नको, म्हणून मी... नाही, मुलावर कशाला ढकलायचं? फोन वाजला, नाव दिसलं, आणि काय म्हणायचं ते तोंडात सापडेना, म्हणून परक्याला म्हणतात ते म्हटलं. तिचा प्रत्येक न आलेला शब्द मी सकाळपासून मोजला, आणि स्वतःचा एकही मोजला नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ. बायको असती तर तिनं पूर्ण म्हण म्हणून दाखवली असती, मुसळासकट.

"रागावलो नाही," तो म्हणाला. "मला भीती वाटली."

"कशाची?"

"तू आता आमची कुणी नाहीस याची."

तिनं पर्स खांद्यावर टाकली. मग म्हणाली, "मला पण." आणि मग, "चला. थर्मास कुणीतरी नेईल." दोघांनीही या 'चला'कडे लक्ष दिलं नाही.

बोर्डापाशी आल्यावर मात्र तो हलेना. जवळ जाऊन चष्मा वर केला आणि ज्याला कार्ट्यांचं खरवडणं समजला होता ते नीट वाचलं. खिळ्यानं ओढलेला एक बाण, उजवीकडे. त्याखाली कोळशानं दुसरा. एका कोपऱ्यात, 'नाही! उलटं!' दुसऱ्या हातचं, बारीक, बाईचं असावं, 'इकडे टाकी आहे, मुलं दमली.' एकावर एक, किती वर्षांचे थर... आपापली चूक निस्तरून परत आलेल्या माणसांनी मागून येणाऱ्यांसाठी थांबून, जे हातात होतं त्यानं लिहिलेलं. आणि हा सकाळी म्हणाला होता, देवानं हात दिले ते खाजवायला. त्याला भयंकर लाज वाटली.

"रंग हवा होता," तो म्हणाला.

तिनं पर्स उघडली आणि नखांना लावायची तांबडी बाटली काढली. रविवारी लावायची, सोमवारी पुसायची, लॅबमध्ये चालत नाही. त्यानं बाटलीकडे पाहिलं, इवलासा तो ब्रश, याचा बाण कधी व्हायचा! "तांबडा बाण म्हणजे धोका," तो कुरकुरला. "आणि पांढऱ्यावर..."

"थांबा, आता रंगाचे नखरे करायचे का?"

किल्लीनं त्यानं जुन्या बाणाचं टोक खरवडलं, रंग कोरड्या पापुद्र्यांनी सुटत गेला. मग ब्रश घेतला आणि हात कापायला लागला. नेहमीसारखा, मनगटापासून. शिडीवर असताना तो एक काठी वापरायचा, टोकाला कापडाचा गोळा बांधलेली, एका हातानं ती बोर्डाला तिरकी टेकवायची आणि दुसरा हात तिच्यावर विसावायचा. काठी घरी. त्यानं हात खाली घेतला. तिनं आपला हात पुढे करून बोर्डावर आडवा टेकवला, घट्ट, आणि म्हणाली, "ठेवा." तिचा हात हलत नव्हता. दिवसभर मेणात दात बसवणारा हात तो. त्यानं आपलं मनगट त्यावर ठेवलं, आणि बाणाचं टोक उजवीकडे काढायला घेतलं, चिमूटचिमूट रंगानं.

"ओ आजोबा! बोर्डाला काय करताय?"

पहारेकरी होता, शिट्टी गळ्यात.

"दुरुस्ती," तो न वळता म्हणाला.

"कुणी सांगितली?"

"हा बोर्ड यांनीच रंगवलाय," ती म्हणाली, "अठ्ठावीस वर्षांपूर्वी. बाण चुकलाय."

"असं होय?" पहारेकरी जवळ आला. "रोज दोघं-तिघं तरी जातात टाकीकडं. मला वाटायचं, लोकांना टाकीच बघायची असते." मग त्याला आपलं काम आठवलं असावं. "आणि तुम्ही कोण यांच्या?"

परत तेच. त्याचा ब्रश थांबला. त्याचं मनगट तिच्या हातावर होतं आणि तिची नाडी त्याला लागत होती, जरा भरभर. आता आपण बोलायचं, या वेळी आपण... आणि त्यानं तोंड उघडलं आणि सूनबाई आता खरं नव्हतं, आणि मुलगी म्हणावं तर तिचे वडील आहेत, चांगले धडधाकट, आणि तो नुसताच उघड्या तोंडानं राहिला. ती एकदम म्हणाली,

"यांचे दात मी केलेत."

पहारेकऱ्यानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड उघडंच होतं, म्हणून तो हसला. वाकड्या दातासकट.

"छान केलेत," पहारेकरी म्हणाला, आणि कान खाजवत निघून गेला.

थर्मास बाकावरच होता, सूर्याकडे तोंड करून. तिनं तो उचलला, हलवून पाहिला, पदरच्या मुलासारखा काखेत मारला, आणि परतीच्या वाटेवर तो मोटारीत पुन्हा दोघांच्या मध्ये उभा राहिला. सिग्नलला तिचा अंगठा थेंबावर गेला. त्यानं विचारलं, आतमध्ये तुम्ही दोघी कशाला हसायच्यात, केस धुताना? ती म्हणाली, "तुमच्याच गोष्टी सांगायच्या त्या," आणि कुठल्या ते काही सांगितलं नाही. त्याच्या दाराशी ती उतरली नाही, काच खाली केली.

"पुढच्या महिन्यात कवळी तपासायची आहे. खालच्या कडेला घासतेय ना? हसताना दिसलं मला. मी पहिल्या बुधवारी येईन."

"ये," तो म्हणाला. थर्मास तिनं दिला नाही. त्यानं मागितला नाही. मोटार वळणावर गेली आणि तो जिना चढला. बाबा ती म्हणाली नव्हती, आणि हे त्याला पहिल्या मजल्यावर पोचल्यावर आठवलं.

खोलीत अजून उजेड होता. त्यानं चष्मा पुसला, खुर्चीत बसला, बोटाला लागलेला तांबडा रंग नखानं काढायला गेला आणि तसाच ठेवला. कवळी नवी होती तेव्हा ती म्हणाली होती, पहिले काही दिवस अडखळाल, तोंडाला सवय नसते, कुणी नसताना मोठ्यानं वाचत जा. तो पेपर घेऊन बसायचा आणि गव्हाचे भाव, हवामान असलं काहीबाही ओरडून वाचायचा, आणि स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, सगळ्या बिल्डिंगला कळलं हो! शब्द आधी दातांवर आदळायचे, मग हळूहळू आपल्या जागी बसायचे. सूनबाई बसायचा छान. तो आता गेला. नावानं त्यानं तिला कधी हाक मारली नव्हती, आणि जे उरत होतं ते त्यानं उभ्या जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं, मुलगी नव्हतीच त्याला.

त्यानं खिडकीकडे तोंड केलं, घसा साफ केला, आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाला, "पोरी."

कसंतरीच वाटलं. पुढचा दात मध्ये आला. त्यानं खाली रस्त्यावरून कुणी वर बघतंय का ते पाहिलं, आणि पुन्हा म्हणाला. जरा बरं होतं. अजून जमलं नव्हतं, पण बुधवारला पुष्कळ दिवस होते.